मावशीची सुई

पायात काटा मोडला की आमच्या गावात लोक माझ्या मावशीचं दार वाजवत. दोरा गुंडाळलेली सुई तिच्या चोळीच्या बाहीला कायम खोवलेली असे. माणसाला बोलण्यात गुंतवायचं आणि तो हसेपर्यंत काटा काढून तळहातावर दाखवायचा, ही तिची तऱ्हा. "माझ्या हाताला डोळं हायत," असं ती मिरवायची. आम्हीही तिला मिरवायचो.

गाव औशाच्या बाजूचं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाऊस गायब होता. "जिल्हा आला, आता पाणी कवा येतंय?" मावशी मुकादमाला छेडायची. रोजगार हमीच्या तळ्यावर सगळं गाव माती उपसत होतं. जेवणाच्या सुट्टीत तिच्यापुढं तळपायांची रांग लागे.

त्याच दिवसांत माझ्या डाव्या पापणीला रांजणवाडी आली. ठणका सोसेना. मावशी म्हणाली, "पिकलीया. काट्याहून सोपं काम हाय." तिनं सुई पदराला पुसली आणि रांजणवाडी फोडली. धुवायला पाणी होतं कुठं? मला हलकं वाटलं, मी खेळायला पळाले.

दुसऱ्या दिवशी डोळा उघडेना. पापणी जांभळी, गाल सुजलेला, अंगात ताप. मावशीनं मला एसटीत घातलं आणि लातूरच्या दवाखान्यात नेलं. विखार डोळ्याच्या मागं पसरला तर नजर जाईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ही फोडली कुणी?"

"आपोआप फुटली," मी म्हणाले. मावशीला कुणी बोललेलं मला नको होतं.

"न्हाई बाई, म्या फोडली. सुईनं." पदर तोंडावर घेऊन ती भिंतीकडं वळली. लेकरानं आपल्यासाठी खोटं बोलावं, याची तिला जास्त लाज वाटली. तिला तसं पाहून मीही शरमले.

इंजेक्शनांनी डोळा वाचला. बाहीवरची सुई मात्र गेली ती गेलीच. कुणी पाय पुढं केला की म्हणायची, "दवाखान्यात जा." लोक म्हणत, मावशीला माज आलाय. तिनं तेही ऐकून घेतलं.

मी सासरहून आले की ती माझा उजवा डोळा तळहातानं झाकायची. "काय दिसायलंय, सांग." मी लेकरांची आई झाले तरी ही परीक्षा चुकली नाही. डाव्या पापणीवर बारीक व्रण आहे. त्याच्याकडं ती कधी बघत नसे. माझ्या हनुवटीकडं बघत उत्तर ऐके.

शेवटच्या भेटीत ती अंथरुणाला खिळली होती. तरी हात वर आला, डोळा झाकला. "काय दिसायलंय?"

"तूच दिसतेस, मावशे. आता तरी वर बघ."

तिनं हात काढला आणि तोंड भिंतीकडं वळवलं.