शुभेच्छुकांची रांग

दुकानात आली की ती आधी छापून ठेवलेल्या फ्लेक्सची कड दोन बोटांत धरायची, साडीचा पोत बघावा तशी, आणि विचारायची, "काका, हा किती वर्षं मरत नाही हो?"

"गिऱ्हाईक मरतं, फ्लेक्स नाही," मी म्हणायचो आणि एकटाच हसायचो. स्वतःच्या विनोदावर हसणं हा माझा जोडधंदा आहे.

मुख्य धंदा कामशेतला फ्लेक्स छापायचा. चौकाचौकात गॉगल लावून हात जोडलेली मंडळी तुम्ही पाहता ना, खाली शुभेच्छुकांच्या छोट्या चेहऱ्यांची रांग असलेली? त्यातली बरीचशी पापं माझीच. एकदा घाईत मी वाढदिवसाच्या फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' छापलं. उत्सवमूर्ती स्वतः येऊन आपण जिवंत असल्याचं दाखवून गेले. तेव्हापासून छापण्याआधी विचारतो, माणूस आहे ना?

ती पवनानगरकडच्या एका गावातल्या बौद्धवस्तीतली. जीपने कामशेतला यायची आणि इथून लोकलने पुण्याला विद्यापीठात. लोकल चुकली की मुक्काम माझ्या दुकानात. विषय होता शाश्वत समुदाय विकास.

"म्हणजे नेमकं काय करणार तू?"

"लोकांना विचारणार, तुम्हाला काय पाहिजे. कुणी विचारतच नाही, काका."

मी लगेच चहा पाहिजे म्हणालो. तिने सांगितलासुद्धा.

धरणाकाठी पर्यटकांना तंबूत उतरवणाऱ्या कॅम्पवाल्यांकडे रोज अन्न उरायचं. अभ्यासाचा भाग म्हणून तिने वस्तीतल्या बायकांना घेऊन त्याचं खत करायला सुरुवात केली. परीक्षा संपली, तरी बादल्या उचलायला ती जातच राहिली.

पदवी मिळाली आणि तिचे आबा दुकानात आले. ते मळवलीच्या एका बंगल्याची राखण करतात.

"शनवारी पदवी द्यायचा कार्यक्रम होता, भाऊ. आन बंगल्यावर पाव्हणं. मला जाता आलं न्हाई." मग म्हणाले, "आमच्या चौकात समद्यांची थोबाडं बघितली. वस्तीतलं एक बी न्हाई. माझ्या पोरीचं लावायचंय."

हे ऐकून मला इतकं भरून आलं की डोकं बंद पडलं. इंटरनेटवरच्या कुठल्यातरी बाप्याचा पदवीच्या झग्यातला फोटो घेऊन त्यावर तिचा चेहरा चिकटवला. खालची शुभेच्छुकांची रांग आधीच्या कामातली, तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी बापलेक बघायला आले.

"काका, हे हात कुणाचे?"

हात केसाळ होते. मनगटावर भलं मोठं घड्याळ होतं. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग हळूच म्हणाली, "आबा, मी बायांना सांगत फिरते, प्लास्टिक नको. आणि चौकात मीच प्लास्टिकची?"

"ऱ्हाऊ दे मग."

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते स्क्रीनवरच्या तिच्याकडे बघत राहिले. मग इकडेतिकडे चपला शोधू लागले. चपला पायातच होत्या.

तिनेही ते पाहिलं.

"काका, तुमचं मशीन कापडावर छापतं?"

"छापतं. पण पावसात रंग जाईल."

"जाऊ दे. चालेल ना, आबा?"

"तोंड दिसंल ना तुजं?"

"दिसेल."

"मग कशावर बी छापा."

"आणि ही खालची माणसं काढा, काका."

"शुभेच्छुकांशिवाय? उघडंबोडकं दिसतं गं ते."

"रिकामी जागा कुठं ठेवतेय मी?"

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत खत करणाऱ्या वस्तीतल्या बायका जीप भरून माझ्या दुकानात उतरल्या.

"मावशी, हसा की जरा."

"दात न्हाईत, भाऊ. कशानं हसू?"

"माजा आधारकार्डावानी काढू नगा. त्यात मी चोरटी दिसते," दुसरी म्हणाली.

तिसरीला बादलीसकट फोटो हवा होता. आबांची लेक माझ्या पाठीमागे उभी राहून सगळ्यांना हसवत होती. फोटो बरे आले ते त्यामुळे. माझं श्रेय एवढंच, की मी मध्ये उभा होतो.

कापड चौकात चढलं, तेव्हा ती नंदुरबारला पोहोचली होती, नोकरीवर हजर व्हायला. बांधायचं काम मीच केलं, नेहमीसारखं उंच आणि तिरकं. बायका खाली उभ्या राहून रांगेत आपापला चेहरा शोधत होत्या.

"खाली घ्या जरा, भाऊ," आबा म्हणाले.

"लोक हात लावतील."

"लावू द्या."

मी खाली घेतलं. तेवढ्यात जीपगाड्यांची धूळ बसलीच होती. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि लेकीचं कपाळ पुसलं, मग एकेक गाल, सावकाश, ताप आलेल्या पोराचं पुसावं तसं.

"आन आमी काय तशाच का रं?" मागून एक मावशी म्हणाली.

आबांनी टॉवेलचं स्वच्छ टोक शोधलं आणि रांगेतल्या पहिल्या बाईपासून सुरुवात केली.