गोधडीखालची पाटी

हौसाबाई काचेपुढे उभ्या होत्या. आत त्यांच्या आईनं शिवलेली गोधडी होती. आमच्या आणि परदेशातल्या एका संग्रहालयानं मिळून भरवलेल्या प्रदर्शनासाठी ती मीच त्यांच्या घरून आणली होती, पाटीवर आईचं नाव लावू असा शब्द देऊन.

"काय लिहिलंय, वाचा ना."

"कारागीर अज्ञात," मी वाचलं.

"म्हणजे?"

"कोणी शिवली ते माहीत नाही, असं."

"मी सांगितलं होतं की तुम्हाला. तुम्ही लिहूनही घेतलंत."

घेतलं होतं. तिकडून पाटीचा मजकूर आला तेव्हा चूक दिसलीही होती. पाहुण्यांना कशाला दुखवा, म्हणून मी गप्प बसलो. गोधडीचा रंग उडू नये म्हणून दिवे किती मंद असावेत, यावर दोन्ही देशांतून कितीतरी पत्रं गेली-आली. नावाची काळजी माझ्या एकट्याकडे होती.

त्यांनी काचेवर हात टेकला.

"बाई, हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

"माझ्या आईनं शिवलीय ही."

त्यानं खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. शेजारीच पाहुणे उभे होते. मी काही बोललो नाही.

हौसाबाईंनी हात काढून घेतला आणि काचेवर उमटलेली बोटं पदरानं पुसून टाकली.