एकशे तेरावा ठिपका

नाडीकाका आमच्या कार्यालयात होते तोवर आम्ही कुणी त्यांना फारसा मान दिला नाही, हे आधीच सांगून टाकते. मान द्यावा असं दिसायला त्यांच्यात काही नव्हतंही. खिशाला दोन पेनं, हातात वही, आणि रोज अकराच्या सुमारास टेबलाटेबलाशी थांबून एकच प्रश्न, "कालपेक्षा कसं?"

ही चौकशी आमच्या तब्येतीची नसायची. आमचं कार्यालय शहराचे नकाशे काढतं. सगळे नकाशे तळघरातल्या एका मोठ्या सर्व्हरमध्ये, आणि वरच्या मजल्यांवर आम्ही एकशे बारा जण आपापल्या मशीनवरून तिथली फाइल मागवणार. सर्व्हरची प्रकृती पाहायला तळघरात तीन इंजिनीअर आणि गारगार हवा. वरच्या मशीनना फाइल मिळते का, किती वेळात मिळते, हे पाहायला एकटे काका. "आडात आहे हो," ते म्हणायचे, "पोहरा रिकामा का येतो, ते पाहायचंय."

त्यांचं शास्त्र सोपं होतं. मशीन सर्व्हरकडे फाइल मागतं. उत्तर आलं नाही तर पुन्हा मागतं. एकदा मागून मिळाली तर प्रकृती उत्तम. तीनदा मागावी लागली तर कणकण. सातच्या पुढे आकडा गेला की काका टेबलाखाली शिरत आणि कुठली तरी वायर बदलूनच बाहेर येत. 'ठीक आहे' हे उत्तर त्यांना चालत नसे. "ठीक म्हणजे किती?" असं विचारून ते अगदी जीव नकोसा करत. एकदा वैतागून मी म्हटलं, "काका, माझ्या नवऱ्यानंसुद्धा माझी एवढी विचारपूस केली नाही कधी." त्यांनी शांतपणे वही उघडली आणि म्हणाले, "तुझं मंगळवारपासून बिनसलंय." त्यांना मशीनचं म्हणायचं होतं. तसं दुसरंही खरंच होतं.

मग नवे साहेब आले. त्यांना वही आवडेना, त्यांना भिंतीवर काहीतरी हवं होतं. दर्शनी दालनात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा भलामोठा पडदा लागला. त्यावर एकशे तेरा ठिपके: आमचे एकशे बारा आणि काकांच्या स्वतःच्या मशीनचा एक. रंगांचे नियम काकांनीच बसवले. झटपट फाइल मिळाली तर हिरवा, रखडली तर पिवळा, फारच रखडली तर लाल. आणि मशीनकडून काही उत्तरच आलं नाही तर करडा.

पहिल्याच दिवशी निम्मा पडदा पिवळा.

"आपल्या कार्यालयाला कावीळ झाल्यासारखं दिसतंय," साहेब म्हणाले. हिरव्यासाठीची दोन सेकंदांची मर्यादा वीसवर गेली, विसाची मिनिटावर. पिवळा ओसरला. मग लाल गेला, कारण लाल रंगानं कर्मचाऱ्यांचं मनोबल खचतं म्हणे. आमच्या मनोबलाची साहेबांना इतकी काळजी आहे हे आम्हाला तेव्हाच कळलं. करड्यावर मात्र काका तीन दिवस अडून बसले.

"साहेब, जो उत्तरच देत नाही त्याला काय दाखवायचं?"

"उत्तर येईपर्यंत आधीचा रंग ठेवा."

"आणि आलंच नाही तर?"

"तर शेवटचं उत्तर चांगलं होतं, असं धरायचं."

झाकली मूठ सव्वा लाखाची. पडदा हिरवागार झाला, आणि सगळेच निरोगी म्हटल्यावर वैद्य कशाला हवा, हा प्रश्न ओघानंच आला. काकांचं पद रद्द करावं असा प्रस्ताव गेला. काकांच्या निवृत्तीला अजून चार वर्षं होती. निर्णय घ्यायला वरून समिती येणार असं ठरलं.

समिती आली त्याच सकाळी तळघरात काहीतरी बिनसलं आणि वरची एकशे बाराच्या एकशे बारा मशीन अडकली. पडद्यावर सगळे ठिपके हिरवे. आम्ही मांडीवर हात ठेवून बसलो. तक्रार करावी तर तक्रारीचा अर्जही त्याच सर्व्हरवर, त्यामुळे त्या दिवशी एकही तक्रार नोंदली गेली नाही. समितीचे अध्यक्ष दारात उभे राहून म्हणाले, "काय शांतता आहे. याला म्हणतात शिस्त."

काका पुढे झाले. "अहो, हे हिरवं आहे कारण सकाळपासून कुणाचं उत्तरच आलेलं नाही."

अध्यक्षांनी माझ्या टेबलाशी येऊन बाहेरच्या चौकाचा नकाशा उघडायला सांगितलं. माझ्या मशीनवर ते गोल चक्र फिरत राहिलं. साहेब माझ्या मागे उभे होते, त्यांचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

"रोज असंच होतं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "एरवी ठीक असतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. त्यांना माझा राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. अध्यक्षांनी निष्कर्ष काढला की मशीन हिरवं आहे, म्हणजे दोष माणसात आहे. आम्हा सगळ्यांना 'फाइल कशी उघडावी' याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. काकांचं पद महिनाअखेरीला गेलं. शिपायानं त्यांचं मशीन वायर गुंडाळून अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवलं, आणि पडद्यावर त्याचा एकशे तेरावा ठिपका तसाच हिरवा राहिला.

दोन महिने मी तो ठिपका रोज पाहिला आणि रोज खालमानेनं टेबलाशी गेले. मग एका रविवारी त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं, चहा टाकला. काकांना म्हटलं, "तुम्ही अजून हिरवे आहात." ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आणि तुझं? कालपेक्षा कसं?"

'ठीक' अगदी ओठांवर आलं होतं.

"काका, त्या दिवशी मी खोटं बोलले. एरवीही ठीक नव्हतंच. फाइल मिळायला माझं मशीन तेव्हाच नऊ-नऊ वेळा मागत होतं."

"अकरा," काका म्हणाले. "वहीत आहे."