दोन पायथन, एक फोल्डर आणि सदाची होडी

कसे आहात सगळे? बाळ, गुडघ्याची सूज उतरली का? सुमनताई, शुगरच्या गोळ्या वेळेवर घेताय ना... आणि दिनू, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मोबाईल डोळ्यांशी धरू नकोस, ही पोस्ट सुनेकडून वाचून घे. मी बरा आहे म्हणायचं. अन्न गोड लागत नाही, एवढंच.

गेल्या आठवड्यात आमच्या जेटीवर झालं ते कोणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून लिहायला बसलोय.

निवृत्तीनंतर मी धडपडत प्रोग्रॅमिंग शिकलो, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे मालवणच्या बाजूला, आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात एक सर्व्हर आहे. त्याला इंटरनेट नाही. एकदा व्हायरस शिरून सगळं धुऊन गेलं, तेव्हा मीच वायर काढून टाकली. हवं ते बाहेरून पेन ड्राइव्हवर आणायचं आणि आत घालायचं.

त्यावर माझा एक लाडका प्रोग्रॅम. इंजिन बंद पडलेली होडी शेवटची कुठे होती, वारा कुठला, पाण्याची ओढ कुठे, हे भरलं की ती वाहत कुठे जाईल ते नकाशावर दाखवतो. पायथन म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, तिच्या जुन्या आवृत्तीत लिहिलेला. दुसरा प्रोग्रॅम लिलावाच्या नव्या वजनकाट्याचा, त्याला नवा पायथन लागतो.

दोघांना आकडेमोडीची एकच लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, लागते, पण एकाला तिची जुनी आवृत्ती आणि दुसऱ्याला नवी. आणि मी काय केलं होतं? डिस्क लहान, तेवढीच जागा वाचेल म्हणून दोघांना एकच फोल्डर दाखवला होता. प्लास्टिकची पिशवीसुद्धा धुऊन वाळत घालणारा माणूस मी...

त्या दिवशी सकाळी काट्यासाठी नवी लायब्ररी टाकली. ती जुनी पुसून तिच्या जागी बसली, हे मला कळलंच नाही. काटा मस्त चालला. मी खुशीत चहा प्यायलो.

दुपारी वायरलेसवर सदाचा आवाज आला. सदा तांडेल, माझा शेजारी. इंजिन बंद, नांगराची दोरी तुटलेली, वारा चढलेला, होडीत तिघे. कुठे आहे ते कसंबसं सांगितलं आणि आवाज गेला.

वायरलेसवर आमचे हसनभाई असतात. ते माझ्याकडे वळले. "काका, बोला, खंय बघूचा?"

प्रोग्रॅम उघडला... नकाशाच्या जागी लाल अक्षरं. पुन्हा उघडला. तेच.

"ह्याका पण डिझेल संपला काय?" हसनभाई म्हणाले. एरवी मी हसलो असतो. दारात सदाची बायको प्रमिला उभी होती.

जुनी लायब्ररी परत आणायची तर नेट हवं. वाऱ्याने लाईट गेलेली, सर्व्हर तेवढा इन्व्हर्टरवर; घरचं नेट बंद, टॉवरही बंद. मिळेल त्या गाडीने हायवेवरचं कसाल गाठलं. तिथे भाच्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. "मामा, आधी बसा तरी," तो म्हणत होता. मी उभ्या उभ्या त्याच्या लॅपटॉपवरून फाइल उतरवली आणि तसाच मागे फिरलो.

त्याचा पायथन एकदम ताजा. डाउनलोड करताना आपण काही सांगितलं नाही तर समोरच्या मशीनला चालेल तीच फाइल मिळते, आमच्या सर्व्हरला चालेल ती नाही. फाइल कोणत्या पायथनची, ते तिच्या नावातच लिहिलेलं असतं. दुसऱ्यांना हे बजावून सांगणारा मी... नाव वाचलंच नाही.

संध्याकाळी जेटीवर आलो, पेन ड्राइव्ह लावला. ही फाइल इथे चालणार नाही, असं उत्तर आलं.

प्रमिला हळूच म्हणाली, "काका, काय म्हणता ता?"

"अजून काय म्हणत नाय गो." मी म्हटलं.

होडी वाहत कुठे गेली असेल हेच माहीत नाही, म्हणून गावातल्या होड्या अंधार पडायच्या आत वाटेल त्या दिशेला निघाल्या. सकाळी वायरलेस ओरडला, "गावले! तिगांय जिते आसत!" एका खडकाला धरून होते तिघे. होडीच्या मात्र फळ्या झाल्या होत्या.

दोन दिवसांनी आवृत्ती नीट सांगून योग्य फाइल उतरवली, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली. त्या दुपारचेच आकडे भरले. नकाशावर ठिपका आला तो त्याच खडकावर. आपल्या होड्या दिवसाउजेडी तिथे दोर घेऊन उभ्या राहू शकल्या असत्या...

लपवून काय करू? सदाला आणि प्रमिलाला बोलावून दाखवलं.

प्रमिला म्हणाली, "तीन माणसां घराक इली, काका. तुमी कित्याक मनाक लावन घेतास?" पण बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीतून जेटीकडे बघत होती. त्यांच्या होडीची जागा रिकामी होती.

हाताला पट्टी बांधलेला सदा त्या ठिपक्याकडे बघत होता. रागावला असता तर बरं झालं असतं. "बरोबर दाखवता," तो म्हणाला. "फुडच्या वेळाक चलतला मां?"



फोल्डर वेगळे केले आहेत. पण उद्या काटेवाले आणखी नवी आवृत्ती मागतील, जुन्या फाइली एक दिवस मिळेनाशा होतील, आणि माझी नजर पुन्हा कुठे चुकेल... स्वतःवरचा विश्वासच उडालाय. ती माणसं परत आली हे त्या संध्याकाळी निघालेल्या होड्यांचे उपकार, माझे नव्हेत.

तुमच्यापैकी कोणी, कोणाच्या मुलाने-मुलीने, नेट नसलेल्या सर्व्हरवर दोन-तीन पायथन एकत्र सांभाळले असतील, तर कसे ते मला समजेल अशा भाषेत लिहा. लाईक नको, उत्तर द्या, आणि लवकर द्या... सदा रोज समोर भेटतो, आणि पुढच्या वेळी चालेल का, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.