कोरडं कपाळ

"तुझ्या आईनं आजवर किती जर्मन पाहुण्यांच्या कपाळाला चिखल लावला असेल? आणि मी सहा महिने त्याच झऱ्याचं पाणी भरतेय, माझं कपाळ अजून कोरडंच!"

झोपडीच्या मागच्या अंगाला नांगुला नवऱ्याला सुनावत होती आणि पुढच्या अंगाला ओटिली शेळीची धार काढत होती. मधे शेणमातीनं लिंपलेला कूड. त्यातून वारा येत नसे, बोलणं मात्र सगळं येई.

"अगं, विसरली असेल," लाझारस म्हणाला.

"विसरली? शेळीची आजी कुठल्या साली व्याली ते सांगते ती. म्हणे विसरली!"

"मग विचार की तिला."

"मी का विचारू? सून आहे मी, मागतकरीण नाही."

ओटिलीनं सगळं ऐकलं, पण धार काही थांबवली नाही. सून उत्तरेकडची, ओवाम्बो जमातीची, भरल्या गावातली. हे दगड आणि ही कोरडी नदी तिला किती दिवस रुचणार? राहायचंच असेल तर येऊन म्हणेल, 'आई, मला झऱ्यावर घेऊन चला.' मग नेऊ. अशी ओटिली सुनेनं विचारायची वाट बघत राहिली आणि सून सासूनं बोलवायची. पुढच्या महिन्यात लाझारस गरोदर बायकोला घेऊन मासळीच्या कारखान्यात कामाला म्हणून समुद्राकाठच्या वॉल्विस बेला गेला. परत आला नाही. एकोणीस वर्षांनी निरोप आला, तो मेल्याचा. ओटिली ट्रकनं पोचेपर्यंत त्याला वाळूत पुरूनही झालं होतं, आणि नांगुला लेकीला घेऊन माहेरी निघून गेली होती.

ओटिली उईसेसचं काम तसं सोपं. सफारीच्या गाड्या दक्षिणेतल्या वाळूच्या डोंगरांवरून निघत, समुद्रावर सील बघत, मग आमच्या कोरड्या नदीत हत्ती शोधायला येत. पुढं मिठाच्या मोठ्या तळ्याकडं, सिंहांच्या राखीव रानात. मधे एक सकाळ ओटिलीची. नव्या माणसाला झऱ्यावरच्या वाडवडिलांना दाखवल्याशिवाय या मुलखात हिंडू द्यायचं नाही, हा आमचा रिवाज. पाहुण्यांना बूट काढून चिखलात उभं करायचं, आपल्या मेलेल्यांना एकेकाच्या नावानं हाक मारायची, पाहुण्यांच्या कपाळाला झऱ्याचा चिखल लावायचा आणि दगडावर चिमूटभर तंबाखू ठेवायची. माणसाला हे एकदाच करतात. ज्या नात्यानं दाखवलं, ते नातं कायमचं. दुसऱ्यांदा लावलं तर वाडवडील गोंधळतात.

गोरे पाहुणे चिखलात पाय घालताना किंचाळत, मग त्या कपाळानं फोटो काढून घेत. ओटिली म्हणे, "माझं थोबाड किती देशांत भिंतीवर टांगलंय, आणि मी जवळचं खोरिक्साससुद्धा धड बघितलं नाही."

गेल्या थंडीत गाडी आली ती एक पोर चालवत. खाकी कपडे, भुवयांपर्यंत टोपी, काळा चष्मा.

"औमा, बरी आहेस ना?" पोरीनं आमच्याच भाषेत विचारलं, पण शहरी, अडखळत. औमा म्हणजे आजी; आमच्याकडं कुठल्याही म्हातारीला म्हणतात.

"मी बरी आहे. बायका कधीपासून गाड्या हाकायला लागल्या?"

"गाडीला कुठं कळतं कोण हाकतंय ते!"

ओटिली खदखदून हसली. झऱ्यावर आठ पाहुणे रांगेत उभे राहिले. पोरीनंही बूट काढले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

"मलापण लाव, औमा. मी इथं पहिल्यांदाच आलेय."

"कुठली तू?"

"समुद्राकडची."

आमच्याकडं नव्या माणसाला पहिला प्रश्न असतो, 'कुणाची तू?' पण ऊन चढत होतं, एका म्हाताऱ्या गोऱ्याचा पाय घोट्यापर्यंत रुतला होता, आणि तो प्रश्न राहून गेला.

ओटिलीनं हाक मारली. आजीला, बापाला, दोन्ही बहिणींना, शेवटी लाझारसला. "ऐका! ही परकी माणसं आहेत. लांबून आलीत, लांब जातील. तुमचं यांचं नातं नाही. पाणी पिऊ द्या, बघू द्या, जाऊ द्या. सापाला बिळात ठेवा, हत्तीला पलीकडं न्या." आणि एकेका कपाळावरून अंगठा फिरवला. पोरीनं चष्मा काढून मान खाली घातली होती.

पाहुणे गाडीकडं गेले. पोर मागं रेंगाळली.

"शेवटचं नाव कुणाचं घेतलंस?"

"माझ्या लेकाचं. पुरलाय फार लांब. इथून ऐकू जातं की नाही, कोण जाणे."

"जात असेल," पोर म्हणाली, आणि बूट घालून निघून गेली.

ओटिली तंबाखूची पुडी बांधायला वाकली, तेव्हा तिला तो माग दिसला. ओल्या चिखलात उजव्या पायाचा ठसा, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. लाझारसची तशीच होती. तिची स्वतःचीही तशीच. दहा शेळ्यांच्या खुरांतून आपली शेळी निवडणारी बाई, आणि आज नुसती टोपी बघत बसली! हातातली काठी तिथंच टाकून ती धावत सुटली. मोपानेच्या झाडापर्यंत पोचली तेव्हा गाडीची धूळ राखीव रानाच्या रस्त्याला लागली होती.

पुढच्या महिन्यात गाडी घेऊन आला तो नेहमीचा एवाल्ड. ओटिलीनं त्याला चहासुद्धा विचारला नाही. "मागच्या खेपेची पोर कुठंय?"

"तिनं दक्षिणेच्या फेऱ्या मागून घेतल्यात. इकडं येत नाही म्हणते."

"तिला सांग, औमा बोलावतेय. चूक झालीय म्हणावं, नीट करायचीय."

"सांगतो. पण कुणाला, औमा? पोरी चार आहेत. नाव काय तिचं?"

नातीचं नाव ओटिलीला ठाऊकच नव्हतं. मग हळूच म्हणाली, "ती, जिची करंगळी बोटावर चढलेली."

एवाल्ड हसणार होता, पण हसला नाही.

पुढच्या खेपेला तो निरोप घेऊन आला. "हिलेनी नाव तिचं. म्हणाली, औमाला सांग, मला लावलाय चिखल. एकदाच लावतात ना?"

"रागानं म्हणाली?"

"नाही गं. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं."

"हिलेनी," ओटिली म्हणाली. दोनदा म्हणाली. मग उठून काठी घेतली, कारण पाहुणे चिखलाकाठी बूट काढून उभे होते.

ती तिची झऱ्यावरची शेवटची फेरी ठरली. पुढं पाऊस लागला तेव्हा ती गेली. त्या दिवशी मात्र सगळं रोजच्यासारखंच झालं. तिनं आजीला हाक मारली, बापाला मारली, बहिणींना मारली, लाझारसला मारली. ही परकी माणसं आहेत म्हणाली, सहा कपाळांना चिखल लावला, दगडावर तंबाखूची चिमूट ठेवली, अंगठा पाण्यात धुतला. काठावरचा तो माग शेळ्यांनी कधीच तुडवून टाकला होता. त्या जागेला वळसा घालून, गेले दोन महिने घालत होती तसाच, ती घराकडं निघाली.