इडलीपात्राचा खटला लढणारी अक्का

'बिल बेडा' हे दोन शब्द कानावर पडले की कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या आमच्या अक्काच्या कपाळाची शीर ताठ व्हायची. बेडा म्हणजे नको; बिल नको, म्हणजेच कर नको. तिच्या स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात येणारं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक तेच मागे. नात्यानं ती माझी मावशी, पण साऱ्या बाजाराची अक्का.

"पातेलं शंभराचं. त्यावर समजा चार रुपये विक्रीकर. हे चार माझे नव्हेत, फक्त माझ्या हातून सरकारात जायचेत," ती समजावी. गिऱ्हाईक ऐकून घेई आणि शेजारच्या दुकानात जाई. काका गेल्यापासून दुकान तिच्या एकटीवर होतं, तरी तिनं बिलाशिवाय चमचासुद्धा विकला नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक विक्रीकर अधिकारीच मुलीच्या लग्नासाठी भांडी घ्यायला आला. ढीगभर भांडी काढायला लावली आणि वर म्हणाला, "बिल बेडा." अक्कानं बिल केलं. भांडी तिथंच टाकून तो निघून गेला.

लगेच दुकानाची तपासणी लागली. काहीच सापडेना, तेव्हा त्यानं शोध लावला की इडलीपात्र हे भांडं नव्हे, उपकरण आहे, आणि उपकरणावर कर दुप्पट. मागच्या सगळ्या विक्रीवरचा फरक भरा म्हणाला. ज्या गावात घरोघरी इडल्या उकडतात, तिथं हे! शिवाय फरक मागायचा कुणाकडे? गिऱ्हाइकं केव्हाच पांगली होती. कर गिऱ्हाइकानं द्यायचा असतो, पण दर चुकला की तो दुकानदाराच्या खिशातून जातो.

शेजारी सांगू लागले की त्याच्या घरी भांडी पोचव आणि मोकळी हो. अक्का म्हणाली, "पोचवीन. सोबत बिलही पोचवीन."

तिनं अपील केलं. त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागली, म्हणून रस्त्याकडचं अर्धं दुकान विकलं. काही वर्षांनी निकाल लागला : इडलीपात्र भांडंच आहे. पैसे परत आले, दुकान आलं नाही. तो अधिकारी तोवर बढतीवर गेला होता; त्याला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. अक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण माझा संताप निवलेला नाही.

निकालाच्या दिवशी आम्ही सगळे जिंकलीस, जिंकलीस म्हणत होतो. ती बोळाकडच्या उरलेल्या दुकानात भांडी पुसत होती.

"जिंकले कसली?" ती म्हणाली. "भांड्याला भांडं म्हणवून घ्यायला माझं अर्धं दुकान गेलं."