बोलत्या ढोलाची कात्रणं

तुमच्या आईने परवा फोनवर विचारलं, की आजी हल्ली दर मंगळवारी आणि शुक्रवारी बसने हूफडॉर्पला कशाला जाते? सांगायला वेळ पुरला नाही, कारण तुमच्याकडे सकाळची घाई होती आणि धाकटीचा एक मोजा सापडत नव्हता. म्हणून लिहूनच पाठवते. आईला वाचून दाखवायला सांगा, आणि मोजा सापडला का तेही कळवा.

तुमचे मामा-मामी सकाळी आठला सायकली काढतात. मग अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या नीउ-व्हेनेपच्या या घरात दिवसभर मी आणि डिशवॉशर, दोघंच. मी कंटाळेन म्हणून मामाने माझं नाव हूफडॉर्पच्या ग्रंथालयात डच बोलण्याच्या वर्गात घातलं. पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी एक उंच, म्हातारे, निळ्या टोपीतले गृहस्थ येऊन बसले. नायजेरियाचे, योरुबा लोकांपैकी. शेजाऱ्याला एकेक प्रश्न विचारायचा होता. पूर्वी तुम्ही काय काम करत होता, असं मी विचारलं. ते म्हणाले, गात होतो, तीस वर्षांपूर्वी गायलाच या देशात आलो. तीस वर्षं या देशात काढून तुम्ही पहिल्या वर्गात कसे, हे मला वाक्य जमवून विचारता येईना, तेव्हा मी सरळ इंग्रजीत विचारलं. ते म्हणाले की फुलांच्या लिलावाच्या बाजारात नोकरी होती, तिथे पन्नास देशांची माणसं, त्यामुळे डचमध्ये फक्त फुलांची नावं येतात. ट्यूलिपबद्दल तासभर बोलू शकेन, पण डॉक्टरला गुडघा दाखवता येत नाही.

आपल्याकडे मोठ्या गवयाला बुवा म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. तेव्हापासून ते बुवा. मला ते ‘ममा’ म्हणतात, कारण त्यांच्यात नातवंडं असलेल्या बाईला नुसतं नावाने हाक मारणं म्हणजे उद्धटपणा.

बुवांचं संगीत म्हणजे जुजू. तीन-चार गिटारी एकमेकींत गुंफलेल्या, मण्यांची जाळी घातलेला भोपळा खुळखुळतो, गाणारा एक ओळ म्हणतो आणि मागचे सगळे तिला उत्तर देतात. आणि ढोल. आपल्या डमरूच्या आकाराचा, पण काखेत मावेल एवढा मोठा. बाजूच्या दोऱ्या दंडाने दाबल्या की आवाज चढतो, सोडल्या की उतरतो. बुवा लहानपणी चर्चमध्ये गायचे. पुढे एका मोठ्या वादकाकडे शिकायला राहिले, तेव्हा दोन वर्षं त्यांच्या हाती गिटार नव्हती, फक्त गिटारीची पेटी होती, ती उचलायची. मग दुसरी गिटार, मग पहिली, आणि शेवटी लागोसमध्ये चौदा माणसांचा स्वतःचा ताफा. लग्नं, बारशी, मोठ्या माणसांची श्राद्धं, सगळीकडे बोलावणं. खूश झालेले पाहुणे नाचत येऊन गाणाऱ्याच्या घामेजल्या कपाळावर नोटा चिकटवायचे. बुवा म्हणतात, कपाळ मोठं असलेल्याने या धंद्यात यावं. अकरा तबकड्या निघाल्या. युरोपच्या दौऱ्यावर आले, इथे एक बाई भेटली, तीही योरुबाच, आणि राहिले. दिवसा फुलं, शनिवारी अ‍ॅमस्टरडॅमच्या हॉलमध्ये गाणी. आता बोटं आखडली आहेत. बायको चार वर्षांपूर्वी गेली.

हे मला एका दिवसात कळलं नाही, वर्गानंतरच्या कॉफीवर थोडं थोडं कळत गेलं. एक दिवस त्यांनी सांगितलं की मुलीला दिवस गेले आहेत, आठवा महिना आहे, आणि मुलगी आहे असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्यात बारसं आठव्या दिवशी असतं. आजी गेल्यावर जन्मलेल्या मुलीला ‘आई परत आली’ अशा अर्थाचं नाव ठेवतात. बुवांच्या घरी एक कॅसेट होती. त्यांच्या लग्नाच्या दहा वर्षांची मेजवानी अ‍ॅमस्टरडॅममध्ये झाली, तिथे त्यांच्याच इथल्या ताफ्याने वाजवलं होतं, आणि बायको दारातून आत येताना तिच्या नावाने वाजलं ते सगळं त्या कॅसेटवर होतं. दुसरी प्रत नाही. बाळाला नाव ठेवताना ते वाजलं पाहिजे, म्हणजे जिच्यावरून नाव ठेवायचं तिनेच ते दिलं असं होईल. एवढंच त्यांना हवं होतं. पण घरात कॅसेटचं यंत्र नाही, आणि तबकड्या-कॅसेटी तीन खोक्यांत कशाही कोंबलेल्या.

तीन खोकी कशीही कोंबलेली आहेत, असं माझ्यासारख्या निवृत्त ग्रंथपालाला सांगू नये. मी त्याच आठवड्यात त्यांच्या घरी गेले. मामाने कॅसेट आणि तबकडी वाजवून संगणकात उतरवण्याची दोन यंत्रं आणून दिली, आवाज कापायचा प्रोग्रॅम शिकवला, आणि हिला आता आवरता येणार नाही असं मामीला म्हणाला. मला ऐकू आलं.

आता माझी चूक सांगते. तबकडीच्या कव्हरवर एका बाजूची पाच गाणी छापलेली असायची, पण वाजवली की अठरा मिनिटं मध्ये श्वासही नाही. गाणं संपतं कधी, सुरू होतं कधी, पत्ताच लागायचा नाही. बुवा म्हणाले, स्टुडिओत सगळे एकदम वाजवायचे, काचेपलीकडचा माणूस घड्याळ दाखवायचा, आणि अठरा मिनिटांत बाजू भरली की हात खाली. मला हे बरोबर वाटेना. पाच गाणी छापली आहेत तर पाच निघालीच पाहिजेत. मी बसून प्रत्येक बाजूची गाणी वेगळी केली. मध्ये जिथे कुणी गात नाही आणि नुसता ढोल वाजतो, ते भाग काढून टाकले. कॅसेटींचंही तेच केलं. मग सगळं क्रमांक घालून वहीत लिहिलं: वर्ष, बाजू, गाणं, मिनिटं. आणि न कापलेल्या लांबलचक फायली पुसून टाकल्या, कारण एका वस्तूच्या दोन प्रती कपाटात ठेवणं हा पसारा. मेजवानीची ती कॅसेट उतरवून झाल्यावर यंत्राने गुंडाळून तोडली, तरी मी घाबरले नाही. आपल्याकडे उतरवलेलं आहे ना, म्हटलं. बाकीच्या तबकड्या-कॅसेटी बुवांनी चर्चच्या जुन्या बाजारात देऊन टाकल्या, कारण मुलगी बाळंतपणाला येणार म्हणून खोली रिकामी हवी होती, आणि त्या विकल्याही गेल्या.

बाळ दोन आठवडे आधीच आलं. चौथ्या दिवशी मी वही आणि लॅपटॉप घेऊन गेले. मुलगी बाळाला घेऊन वडिलांकडेच राहिली होती. जावई डच, त्याने इथल्या रीतीप्रमाणे कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून गुलाबी-पांढऱ्या बडीशेपेच्या गोळ्या पसरून दिल्या. आपल्याकडे जेवणानंतर, यांच्याकडे जन्मानंतर. मी मोठ्या ऐटीत मेजवानीची कॅसेट लावली. एक गाणं झालं, दुसरं झालं, पाचही झाली. बुवा टोपी हातात घेऊन बसले होते.

मग अगदी सौम्यपणे म्हणाले, “ममा, बोलणं कुठे गेलं?”

“कुणाचं बोलणं?”

“ढोलाचं.”

मी म्हटलं, तिथे कुणी काही बोलत नव्हतं, नुसतं वाजत होतं, ते मी काढलं. मुलीने आधी वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाळाला खांद्यावर टाकून आत गेली. बुवांनी टेबलावर बोटाने वाजवून मला समजावलं. त्यांच्या भाषेत शब्दाचा सूर चढला-उतरला की अर्थच बदलतो, आणि ढोल तोच चढउतार हुबेहूब करतो. ऐकणाऱ्याला वाक्य कळतं. कोण आलं, कुणाची मुलगी, तिचं कूळ कोणतं, ती कशी चालते, हे सगळं ढोल बोलतो. गाणी तर कुणीही गातं. लोक तबकडी विकत घ्यायचे ते ढोलात आपल्या वडिलांचं नाव ऐकायला. बायको दारात आली तेव्हा बुवा गातच नव्हते. ढोलवाला तिची स्तुती करत होता. तो ढोलवालाही आता नाही.

म्हणजे मी अकरा तबकड्या आणि एकोणीस कॅसेटींमधून नेमकी माणसांची नावं वेचून फेकली होती. इतक्या शिस्तीने, की एकही राहिलं नव्हतं.

बसमध्ये मला रडू आलं नाही, पण स्टॉप चुकला. घरी येताना आठवलं, की फेकलं असं मी म्हणते खरं, पण मी आयुष्यात काही फेकलेलं नाही. ग्रंथालयात मासिकं कापून झाल्यावर उरलेल्या चिठोऱ्यांचंसुद्धा एक पाकीट ठेवायची. लॅपटॉप उघडला. ‘कात्रणं’ नावाचा फोल्डर होता. दोनशे चौदा तुकडे. कुठल्या कॅसेटचे, कुठल्या बाजूचे, काही लिहिलेलं नाही, नुसते आकडे. कारण कात्रणांची कोण नोंद ठेवतं? शिवाय माझा एक नियम होता: पाच सेकंदांहून लहान तुकडा ठेवायचा नाही.

मी बुवांना फोन करून विचारलं, तुमच्या बायकोचं नाव किती सेकंदांचं? ते म्हणाले, असं कधी मोजलं नाही. मग फोन टेबलावर ठेवून त्यांनी वाजवून दाखवलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. नऊ सेकंद. म्हणजे तो तुकडा राहिला असणार.

पाचवा, सहावा, सातवा, असे तीन दिवस मी रोज त्यांच्या घरी गेले. मी तुकडा लावायची, बुवा ऐकायचे, आणि कुणाचं नाव ते सांगायचे, मी लिहायची. हा एक सिमेंटचा व्यापारी, ढोल म्हणतो याची सावलीही जाडी. ही एक शिक्षिका, हिच्या आईने जुळ्यांना एकाच वेळी पाठीवर बांधलं. हा बुवांचा थोरला भाऊ, याचं नाव ढोलवाल्याने दोनदा घेतलं कारण पहिल्यांदा तो नाचला नाही. मध्येच बुवा हसायचे, मध्येच टोपी काढायचे. मुलगी पहिल्या दिवशी आतच होती. दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन दारात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी माझ्याशेजारी बसून म्हणाली, लावा पुढचं.

सातव्या दिवशी दुपारी एकशे एक्याण्णवावा तुकडा लावला आणि बुवांचा हात वर गेला. मी पुन्हा लावला. मग पुन्हा. तोच होता. पण सुरुवातीचे दोन ठोके नव्हते. माझी कात्री नेमकी तिथे चालली होती.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर बुवा मुलीकडे बघून म्हणाले, “तुझी आई. डोक्याचा रुमाल बांधायला हिला तास लागायचा. बघ, इथेही सुरुवात चुकवून आली.”

मुलगी हसली, आणि मग रडली, आणि मग बाळही रडलं, म्हणून टोस्ट पुन्हा आले.

बारसं आठव्या दिवशी सकाळी झालं. बाळाच्या ओठांना मध लावला, मीठ लावलं, पाणी लावलं. मध आपल्याकडेही चाटवतात, असं मी सांगितलं तेव्हा तिथल्या चार वयस्कर बायकांनी मला लगेच आपल्या रांगेत बसवून घेतलं. चर्चमधल्या एका वादकाने आपला ढोल आणला होता. बुवा गिटारीचे, ढोलाचे नव्हेत, आणि बोटं तर तुम्हाला सांगितलीच. पण दोन ठोके वाजवायचे होते, दोनच. वादकाने ढोल त्यांच्या काखेत नीट बसवून दिला. मी लॅपटॉपपाशी. आम्ही सकाळपासून सात वेळा तालीम केली होती. त्यातल्या चार वेळा मी उशीर केला आणि एकदा मामाचा मेसेज वाजला.

बुवांनी बाळाकडे पाहिलं, दंड दाबला, आणि एक चढा, एक उतरता असे दोन ठोके दिले. मी बटण दाबलं. जुन्या हॉलमधला ढोल पुढचं बोलला, मागे कुणाच्या तरी बांगड्या आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज. कुठे जोड आहे, हे मलाही कळलं नाही. चारही बायका उभ्या राहिल्या, कारण त्यांच्या ओळखीचं माणूस आत आलं होतं. मीही उभी राहिले.

बाळ झोपलेलं होतं, ते झोपलेलंच राहिलं.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही बाकीचे तुकडे आपापल्या जागी परत लावतो. अठरा मिनिटांची बाजू अठराच मिनिटांची करायची, मध्ये श्वास नाही. पाच सेकंदांहून लहान गेले ते गेले. तिथे बुवा टेबलावर वाजवतात आणि मी ते भरते. वहीत एक नवीन रकाना आखला आहे, ‘ढोल कुणाला काय म्हणतो’. तो सगळ्यांत रुंद आहे.